थाय खिएम यांची तंतोतंत आकृती

थाय खिएम यांच्या शर्टाचं एक बटण बाकीच्यांहून वेगळ्या रंगाचं होतं आणि ते त्यांना कधी दिसलं नाही. स्कूटरचा डावा आरसा तुटला होता, तोही दिसला नाही. पण छापलेल्या कागदावर बरोबरचं चिन्ह शेजारच्या आकड्याला केसभर खेटून बसलं असेल, तर या माणसाचं जेवणावरून मन उडायचं. आमच्याकडे मास्तरांना थाय म्हणतात आणि बाईंना को. सा डेक या नदीकाठच्या गावातल्या एका शाळेत हे थाय गणित शिकवत. त्यांच्या नावाचा अर्थ ‘नम्र’ असा होतो. तरीही गणिताची प्रश्नपत्रिका आपल्याइतकी देखणी या अख्ख्या नदीकाठाला कोणी काढत नाही, हे ते विचारणाऱ्याला लगेच सांगत आणि न विचारणाऱ्याला त्याच्याही आधी.

या देखणेपणाच्या मागे होतं लाटेक. ते काय प्रकरण आहे हे थाय खिएम यांना विचारू नये, संध्याकाळ जाते. थोडक्यात सांगायचं तर बाकीचं जग माऊस धरून पडद्यावर अक्षरं इकडून तिकडे ओढत बसतं, आणि लाटेकमध्ये ओढाओढ नसते. सगळं लिहून सांगायचं असतं. इथे अपूर्णांक आहे, वर हे, खाली ते. इथे वर्गमूळ सुरू झालं, इथे संपलं. लिहिताना तो मजकूर आडव्यातिडव्या रेघा आणि कंसांचं जंगल दिसतो, पण यंत्राला हुकूम दिला की ते सगळं वाचतं आणि छापखान्यातून आल्यासारखं पान हातात ठेवतं. एक कंस बंद करायचा राहिला की पान मिळत नाही, नुसत्या तक्रारी मिळतात. आकृतीसुद्धा काढायची नसते, सांगायची असते. एक बिंदू इथे ठेव, दुसरा त्याच्यापासून सहा सेंटीमीटरवर, दोन्हींपासून अमुक अमुक अंशांत रेघा ने आणि त्या भेटतील तिथे थांब. यंत्र बरोबर तिथेच थांबतं. थाय खिएम यांना आयुष्यात एवढं नीट ऐकून घेणारं दुसरं कोणी भेटलं नव्हतं.

देशभरातल्या गणिताच्या मास्तरांचा एक गट होता. कुठे मोठी परीक्षा झाली की ती प्रश्नपत्रिका हे लोक आपसांत प्रश्नाप्रश्नाने वाटून घेत, जो तो आपला वाटा लाटेकमध्ये लिहून पाठवी आणि जेवणाच्या वेळेपर्यंत उत्तरांसकट सगळा संच तयार होई. कोणी लिहिलेलं दुसऱ्या कोणी तपासल्याशिवाय पुढे जात नसे. तपासणाऱ्यांत थाय खिएम असत, म्हणून गटातली तरुण मंडळी त्यांना पाठीमागे ‘जकात नाका’ म्हणत. माल नाक्यावर अडकला की सुटत नसे. हा अपूर्णांक बुटका दिसतो, हा कोन दोन अंशांनी रोड आहे, परत पाठवा. लोक हात जोडत आणि परत पाठवत.

घरी मात्र त्यांची डाळ शिजत नव्हती. त्यांच्या पत्नी को थोम त्याच शाळेत गणितच शिकवत, आणि त्या लाटेकला हात लावत नसत. सगळे वापरतात त्या साध्या प्रोग्रॅममध्ये त्या दोन मिनिटांत आकृती काढून मोकळ्या होत. त्यांचा समभुज त्रिकोण दुपारी जेवून आडव्या झालेल्या माणसासारखा एका कुशीवर कललेला असे. खाली ‘आकृती फक्त समजण्यापुरती’ असं लिहिलं की त्यांची जबाबदारी संपली. थाय खिएम ते बघून डोळे मिटून घेत. को थोम म्हणत, मिटा, निदान तेवढा वेळ त्या लॅपटॉपकडे बघणार नाही तुम्ही. मी मेले तर हा माणूस आधी शोकपत्रातलं अंतर मोजेल आणि मग रडेल, हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. मेहुण्याच्या लग्नाची पत्रिका थाय खिएम यांनी हौसेने लाटेकमध्ये केली, ती एखाद्या प्रमेयासारखी दिसायला लागली. अर्ध्या पाहुण्यांनी सिद्धता शोधायला पत्रिका उलटून बघितली, असं को थोम अजून सांगतात. ते खरं असेलच असं नाही, पण त्यांनी ते इतक्या वेळा सांगितलंय की आता खोटं ठरवायची सोय राहिलेली नाही.

आता झालं काय, तेतच्या आधी सहामाही परीक्षा आली. तेत म्हणजे आमचं नवं वर्ष, आणि सा डेकला तेत म्हणजे फुलं. सगळ्या दक्षिणेच्या दारात ठेवायच्या शेवंतीच्या कुंड्या इथून जातात. कुंड्या पाण्यावर बांधलेल्या माचांवर असतात आणि माळी मधून होडीने फिरतो. त्या दिवसांत फुलवाल्यांची मुलं पहाटेपासून होडीत असतात आणि शाळेत येतात ती झोपायला. नेमकी तीच मुलं दहावीच्या नवव्या तुकडीत भरली होती. सगळ्यात शेवटची तुकडी, आणि ती को थोम यांच्याकडे होती. त्रिकोणाची सूत्रं त्यांच्या डोक्यात शिरत नव्हती. को थोम यांनी थोडे दिवस घसा फोडला, मग सूत्रं बाजूला ठेवली आणि त्या मुलांना एवढंच शिकवत राहिल्या, की कागदावर माच काढायचा तर किती मीटरला किती सेंटीमीटर घ्यायचे. तेवढं मात्र मुलांना कळायचं. बापाच्या माचावर कुंड्यांची रांग बांबूच्या मापाने लावत ती लहानाची मोठी झालेली होती.

दहावीच्या सगळ्या तुकड्यांना प्रश्नपत्रिका एकच असे आणि ती थाय खिएम काढत. इतरांना ती कटकट वाटे आणि त्यांना सण. या वेळी तर त्यांनी कहर केला. आकृत्यांवरच्या प्रश्नांत एक होता कालव्याचा. अलीकडच्या काठावर साठ मीटर अंतरावर दोन खुंट, पलीकडच्या काठावर नारळाचं झाड, दोन्ही खुंटांवरचे कोन दिलेले, पहिल्या खुंटापासून झाड किती लांब ते सांगा, खाली चार पर्याय. प्रश्न लिहायला त्यांना चहा गार होईपर्यंतचा वेळ लागला असेल. नारळाच्या झावळ्या लाटेकला समजावून सांगण्यात अख्खा रविवार गेला. प्रत्येक झावळी वाऱ्याने जेवढी वाकायला हवी तेवढीच वाकली होती. कोणाच्या लक्षात येणार होतं म्हणा, पण त्यांना समाधान.

निकाल लागला आणि शिक्षकांच्या खोलीतला आवाज बसला. आकृत्यांचे प्रश्न नवव्या तुकडीत जवळजवळ सगळ्यांचे बरोबर आले होते. पहिल्या तुकडीची हुशार मुलं मात्र सूत्रात कोन उलटा धरून तिथेच आपटली होती. नवरा पेपर काढतो, बायको शिकवते आणि दोघं एकाच घरात जेवतात, यावर मग कोणी वेगळं काही बोलायची गरज नव्हती. हे दोघं खोलीत शिरले की लोक एकदम आपापल्या वह्या तपासायला लागत. एरवी त्या खोलीत वह्या कोणी तपासत नसे.

मुख्याध्यापक थाय विन्ह यांनी थाय खिएम यांना बोलावून घेतलं. ते फार सभ्य गृहस्थ, त्यामुळे ऐकणाऱ्याला जास्त लागायचं. त्यांनी सांगितलं की संशयाला काही पुरावा नाही, पण पालक विचारतायत. गणिताच्या मास्तरांच्या बैठकीत यावर बोलू. समाधान झालं नाही तर नवव्या तुकडीचे गुण रद्द करून त्यांची परीक्षा परत घ्यावी लागेल, अगदी तेतच्या तोंडावर, कुंड्या होड्यांत भरायच्या दिवसांत. आणि को थोम यांच्याकडे पुढे परीक्षेचे वर्ग न दिलेले बरे. हे शेवटचं वाक्य त्यांनी खिडकीकडे बघून म्हटलं.

थाय खिएम घरी निघाले तेव्हा रागाने लाल झाले होते. पेपर फुटला असं म्हणणं म्हणजे त्यांच्या तोंडावर थुंकणं होतं. पण पुलावर आल्यावर रागाच्या जागी दुसरंच काहीतरी डोक्यात शिरलं. पेपर त्यांच्या लॅपटॉपमध्ये होता. लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मासळीच्या सॉसच्या बाटलीशेजारी असायचा. त्याचा पासवर्ड म्हणजे मुलीची, क्वेनची जन्मतारीख, आणि ती तिच्या आईला माहीत असणारच. त्या मुलांसाठी को थोम यांचा जीव किती तुटतो हेही ते रोज बघत होते. असा विचार मनात आला याची त्यांना लाज वाटली, पण आलेला विचार काही जाईना.

को थोम शेगडीपाशी होत्या, मासा साखरेच्या पाकात शिजत होता. त्या दिवशी त्या खुशीत दिसत होत्या आणि काहीतरी सांगायला म्हणून वळल्याही होत्या. थाय खिएम यांनी आधी तोंड उघडलं.

“क्वेनची आई, परीक्षेच्या आधी माझ्या लॅपटॉपला कोणी हात लावला होता का?”

को थोम यांनी गॅस बंद केला. त्यांच्याकडे नीट बघितलं.

“नाही,” त्या म्हणाल्या, आणि जे सांगायचं होतं ते सांगितलंच नाही.

तेव्हापासून त्या घरातले टोमणे बंद झाले. को थोम वेळेवर भात वाढत, मीठ बरोबर आहे का विचारत, आणि थाय खिएम काहीही म्हणाले तरी “तुम्ही म्हणाल तसं” म्हणत. ज्याने बावीस वर्षांच्या संसारात हे वाक्य कधी ऐकलं नाही, त्याच्या काळजाचं पाणी होणार नाही तर काय होईल. थाय खिएम यांनी मुद्दाम लॅपटॉप जेवणाच्या ताटाशेजारी ठेवून बघितला. को थोम यांनी निमूटपणे ताट सरकवून जागा करून दिली. एक दिवस ते शर्ट उलटा घालून शाळेत गेले. त्यांना वाटलं, यावर तरी बोलेल. दारातून निघताना को थोम यांनी शर्टाकडे एकदा बघितलं आणि छत्री हातात दिली. मुलगी शिकायला कान थो शहरात होती. तिने फोनवर विचारलं, बाबा, घरात कोणी आजारी आहे का?

बैठक शाळेच्या ग्रंथालयात भरली. टेबलावर चहा होता आणि बशीत कलिंगडाच्या बिया. पहिली तुकडी ज्यांच्याकडे होती त्या थाय डाट यांनी सुरुवात केली. थाय डाट वाईट माणूस नाही, फक्त आपल्या तुकडीचे गुण घसरले की त्यांना घरातलं माणूस घसरून पडल्यासारखं होतं. ते अगदी गोड आवाजात म्हणाले की नवव्या तुकडीची प्रगती कौतुकाची आहे. एवढंच, की एकाही मुलाच्या कच्च्या कागदावर सूत्र नाही. कागद कोरे आणि उत्तरं बरोबर. हे कसं साधतं ते कळलं तर आम्हीही तसंच शिकवू.

बिया फोडायचा आवाज थांबला. को थोम उठल्या, पिशवीतून प्रश्नपत्रिका आणि एक प्लास्टिकची पट्टी काढली आणि दोन्ही मुख्याध्यापकांच्या पुढ्यात ठेवली.

“थाय विन्ह, जरा मोजता का? दोन खुंटांमधली रेघ किती आहे?”

थाय विन्ह यांनी चष्मा लावला. “सहा सेंटीमीटर.”

“तिथे लिहिलंय किती?”

“साठ मीटर.”

“आता पहिल्या खुंटापासून झाडापर्यंत बघा.”

पट्टी फिरली. “साडेपाच,” थाय विन्ह म्हणाले, आणि त्यांची नजर आपोआप खालच्या पर्यायांवर गेली. तिसरा पर्याय पंचावन्न मीटर होता. थाय विन्ह इतिहासाचे. शाळा सोडल्यापासून त्यांनी त्रिकोणाला हात लावला नव्हता. कोणी न सांगता त्यांनी पान उलटलं, पुढची आकृती मोजली, तीही बरोबर आली, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद लपेना. थाय डाट यांना त्यांनी पट्टी दिली नाही. तिसरी आकृतीही स्वतःच मोजली.

मग को थोम यांनी सगळं सांगितलं. परीक्षेच्या आधी लाय नावाच्या मुलीने वर्गात विचारलं होतं, सूत्र आठवलंच नाही तर काय करायचं. निकालानंतर त्याच लायने हसत हसत सांगितलं की आम्ही सगळ्यांनी तुम्ही म्हणालात तसंच केलं. परीक्षेत पट्टी न्यायला बंदी नाही, ते नियमांतच लिहिलंय.

“मी काय सांगितलं होतं तेही ऐका,” को थोम म्हणाल्या. नवऱ्याकडे त्यांनी बघितलं नाही. “मी म्हटलं, माझी आकृती कधी मोजू नका, फसाल. पण हा पेपर थाय खिएम काढणार आहेत. त्यांची रेघ मोजा. तो माणूस खोटी रेघ काढणार नाही. काढायची म्हटली तरी त्याला जमणार नाही.”

सगळ्यांनी थाय खिएम यांच्याकडे बघितलं. त्यांचे कान गरम झाले होते. आपल्या आकृतीचं असं कौतुक त्यांनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. ते ऐकायला मिळालं ते नेमकं त्या बाईच्या तोंडून, जिला त्यांनी लॅपटॉपचं विचारलं होतं. आनंद आणि शरम एकदम आली, आणि त्यांना बशीतल्या बियांकडे बघत बसण्याशिवाय काही सुचेना.

थाय डाट सहज हार मानणारे नव्हते. ते म्हणाले, ही काही त्रिकोणमिती नाही. को थोम म्हणाल्या, नाहीच मुळी, प्रमाण आहे, मी तेच शिकवलं होतं आणि तेच त्यांना आलं. थाय विन्ह यांनी दोघांना थांबवलं आणि विचारलं की आता या प्रश्नांचं करायचं काय. नव्या आकृत्या काढून नवव्या तुकडीची परीक्षा परत घ्यावी का, हे पेपर काढणाऱ्यांनीच सांगावं.

थाय खिएम उभे राहिले. आपल्या आकृतीत काही कमी होतं असं मान्य करणं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होतं, आणि इथे तर कमी काही नव्हतंच, जास्त झालं होतं.

“उत्तर मीच कागदावर छापलं होतं,” ते म्हणाले. “चांगलं मोठं, झाडासकट. पहिल्या तुकडीने बघितलं नाही, नवव्या तुकडीने बघितलं. यात मुलांनी काय चोरलं? परत परीक्षा घ्यायचीच असेल तर माझी घ्या.”

कोणीतरी हसलं, मग थाय डाटही हसले, आणि बिया परत फुटायला लागल्या. गुण तसेच राहिले. को थोम यांच्या वर्गांचा विषय परत निघाला नाही. मुख्याध्यापकांनी एवढंच ठरवून टाकलं की पुढच्या वेळेपासून आकृत्या जाणूनबुजून चुकीच्या मापाने काढाव्यात आणि ही कामगिरी थाय खिएम यांनीच पार पाडावी. चांगल्या रश्शात मूठभर माती टाकायला सांगितल्यासारखा थाय खिएम यांचा चेहरा झाला. पण ते हो म्हणाले.

शाळा सुटल्यावर दोघं स्कूटरवरून निघाले. रस्त्यावर शेवंतीने भरलेले ट्रक चालले होते आणि गाडी जेमतेम पुढे सरकत होती. थाय खिएम यांनी विचारलं, “हे मला घरीच का नाही सांगितलंस?”

“सांगणारच होते. तुम्ही आधी लॅपटॉपचं विचारलंत.” मागून आवाज शांत होता. “पन्नास पोरांसमोर मी छातीठोक सांगून आले, हा माणूस खोटी रेघ काढणार नाही. त्यांच्या गुणांची बाजी लावली त्यावर. आणि याच माणसाने मला विचारलं, हात लावला होता का.”

पुलाच्या तोंडाशी सगळी वाहनं थांबली. “चुकलो मी,” ते समोर बघत म्हणाले.

“काय? हॉर्नमध्ये ऐकू आलं नाही.”

“चुकलो म्हटलं.” या वेळी शेजारच्या ट्रकवाल्यालाही ऐकू गेलं. कुंड्यांच्या आडून त्याने मान वळवून को थोम यांच्याकडे बघितलं, आता त्या काय म्हणतात ते ऐकायला.

पुढची गाडी हलली. थाय खिएम यांनी डोळे पुसायच्या नादात हँडल सोडलं, स्कूटर एका खड्ड्यातून दुसऱ्या खड्ड्यात गेली, आणि मागून त्यांच्या पाठीत एक चापट बसली.

“पुढे बघा, क्वेनचे बाबा. गाडी सरळ रेघेत चालवता येत नाही आणि निघाले जगाला भूमिती शिकवायला. मेले मी, तर खड्डा तरी मापात खणा.”

थाय खिएम यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी हँडल घट्ट धरलं आणि घरापर्यंत टोमणे ऐकून घेतले, एकही उत्तर न देता.